जमिनीखालचा दोष कसा सांपडतो?

शहरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना एक देखावा चांगलाच परिचयाचा असेल. रात्रीं एकाएकीं घरांतले दिवे जातात. थोड्या वेळानें कळतें कीं, आपल्याच घरचे नव्हे, तर अर्ध्या आळीचे गेले आहेत. मग वीजखात्याची एक गाडी येते. दोन-तीन माणसें कसलीं तरी यंत्रें घेऊन रस्त्यानें इकडून तिकडे फिरतात, मध्येंच थांबतात, जमिनीकडे पाहतात, पुन्हां चालूं लागतात. तास-दोन तास लोटले तरी कुदळ म्हणून कोणी हातीं धरीत नाहीं. गॅलरींत उभी असलेली मंडळी चिडतात. "नुसते हिंडतात काय? खणा म्हणावें!" असा अभिप्राय प्रत्येक मजल्यावरून ऐकूं येतो.

याच विषयावर एका वाचक-भगिनीनें आम्हांला पत्र लिहून विचारलें आहे: "पुरलेली तार डोळ्यांना दिसत नाहीं, मग ती कोठें बिघडली हें या लोकांना कळतें तरी कसें? कीं तेहि अदमासानेंच खणतात?" प्रश्न मार्मिक आहे. खणणें हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग होय. खरें काम तें हिंडण्यांत व त्याच्याहि आधीं कागदावरील आंकडेमोडींत असतें. तें कसें चालतें हें आज शक्य तितक्या सोप्या भाषेंत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम केबल म्हणजे काय तें पाहूं. खांबांवरून जाणारी तार बहुधा उघडी असते. भोंवतालची हवाच तिचें रक्षण करते. जमिनीखालच्या तारेला तें भाग्य नाहीं. ओली माती तिला चोहोंकडून वेढून असते आणि जरा फट मिळाली कीं वीज त्या मातींत शिरते. म्हणून तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गाभ्याभोंवतीं विजेला अडवून धरणारें वेष्टन, त्यावर धातूचा पातळ पडदा, त्यावर पोलादी पट्ट्यांचें अथवा तारांचें चिलखत आणि सर्वांच्या वर पाणी आंत येऊं न देणारें कवच, अशी तिची बांधणी असते. एकाच केबलींत बहुधा तीन गाभे शेजारीं-शेजारीं असतात. पूर्वी हें वेष्टन तेलांत मुरविलेल्या कागदाचें असे. लंडन शहराला डेप्टफर्ड येथून वीज नेण्यासाठीं फेरांटी यांनीं १८९० च्या सुमारास दहा हजार व्होल्ट दाबाची जी केबल केली, तिच्यांतहि मेण मुरविलेला कागदच होता, आणि ती १९३३ पर्यंत कामावर होती. कागदासारख्या क्षुल्लक वस्तूनें एवढा दाब इतकीं वर्षें अडवून धरावा हें नवलच म्हटलें पाहिजे. हल्लींच्या नव्या केबलींत बहुतेक ठिकाणीं त्या कागदाची जागा पॉलिथिनच्या एका प्रकारानें घेतली आहे. कारागीर त्याला 'एक्सएलपीई' म्हणतात.

अशी केबल सामान्यतः पाऊण ते एक मीटर खोल चरांत वाळूच्या थरावर निजवितात आणि तिच्यावर विटांची किंवा फरशांची एक ओळ मांडून मग माती लोटतात. पुढें कधीं कोणीं तेथें खणलें, तर आधीं विटा लागाव्या व कुदळ थांबावी, असा तो संकेत असतो. हा संकेत सर्वच लोक पाळते, तर आजच्या लेखाचें निम्में कारण उरलें नसतें.

केबल बिघडते ती मुख्यतः चार कारणांनीं. दुसऱ्याच कामासाठीं खणणाऱ्याचा घाव लागतो. दोन तुकड्यांचा जोड नीट बसलेला नसल्यामुळें त्यांत ओल शिरते. भार फार झाल्यानें गाभा तापतो व वेष्टन वाळून भाजून निघतें. किंवा जमीन खचून केबलीला ओढ बसते. याशिवाय एक पांचवें, अगदीं गुप्त असें कारण आहे. पॉलिथिनच्या वेष्टनांत ओल शिरली आणि वर्षानुवर्षें विजेचा ताण पडत राहिला, कीं त्या ओलीच्या सूक्ष्म रेषा आंतल्या आंत फुटत, फांद्या काढीत वाढतात. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या हुबेहूब लहानशा झाडासारख्या दिसतात, म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यांना जलवृक्ष असेंच नांव दिलें आहे. बाहेरून केबल धडधाकट असते, दिवे नेहमींसारखे लागत असतात, आणि आंत हें झाड वाढत असतें.

दोष शोधण्याची विद्या कांहीं आजची नाहीं. वेर्नर सीमेन्स यांनीं १८४८-४९ मध्यें बर्लिनहून फ्रँकफुर्टकडे तारायंत्राची ओळ नेली, तेव्हां तिचा मोठा भाग त्यांनीं जमिनीखालून नेला होता. तारेवर गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचें वेष्टन होतें. चिलखत मात्र नव्हतें आणि चरहि उथळ होता. उंदीर-घुशींनीं तें वेष्टन कुरतडलें आणि ओळ ठिकठिकाणीं बिघडूं लागली. शेंकडों मैल जमीन उकरून पाहणें शक्य नव्हतें. म्हणून दोन टोकांशीं बसूनच मधला दोष मोजून काढण्याच्या युक्त्या शोधणें त्या काळच्या लोकांना भाग पडलें. तर्कशास्त्रांत धूर पाहून डोंगराआडच्या अग्नीचें अनुमान करतात, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. येथें धूरहि दिसत नाहीं. पण टोकाशीं मिळणाऱ्या खुणेवरून मधलें ठिकाण ठरवावयाचें ही रीत तीच आहे.

आतां ही रीत क्रमानें पाहूं.

पहिली पायरी म्हणजे केबल दोन्ही टोकांकडून सोडविणें. एका टोकाला उपकेंद्र आणि दुसऱ्या टोकाला आळींतलें रोहित्र, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तें, यांच्यापासून तिला तोडून मोकळी करतात आणि जमिनीशीं जोडून तिच्यांत उरलीसुरली वीज काढून टाकतात. यांत बराच वेळ जातो व बाहेरून कांहींच होत नाहींसें दिसतें. परंतु हें केल्यावांचून पुढें हात घालणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय.

दुसरी पायरी दोषाची जात ओळखण्याची. मेगर नांवाच्या यंत्रानें वेष्टनाचा रोध मोजतात. गाभा मध्येंच तुटला आहे, कीं दोन गाभे एकमेकांना चिकटले आहेत, कीं एखाद्या गाभ्यांतून वीज जमिनींत जात आहे, हें त्यावरून कळतें. चौथी एक जात मोठी फसवी आहे. तिच्यांत कमी दाबावर सर्व कांहीं ठीक दिसतें, आणि दाब चढविला कीं त्या जागीं ठिणगी उडून वीज निसटते. वैद्यानें नाडी पाहावी तेव्हां ताप नसावा आणि वैद्य घरीं गेला कीं चढावा, त्यांतलाच हा प्रकार. जात न ओळखतां औषध देणारा वैद्य आणि जात न ओळखतां यंत्र लावणारा कारागीर यांची योग्यता सारखीच.

तिसरी पायरी अंतर काढण्याची, आणि सर्वांत मौज हिच्यांत आहे. एक जुनी पद्धति मरे यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. तिला आधार आहे तो 'व्हीटस्टनचा सेतु' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तराजूचा. तो प्रथम क्रिस्टी यांनीं १८३३ मध्यें वर्णिला. व्हीटस्टन यांनीं १८४३ मध्यें तो लोकांच्या नजरेस आणला आणि नांव त्यांचेंच राहिलें. समजा, केबल १२०० मीटर लांब आहे आणि तिच्या तीन गाभ्यांपैकीं एकांतून वीज जमिनींत जात आहे. कारागीर पलीकडच्या टोकाला हा सदोष गाभा एका निर्दोष गाभ्याला जोडून देतो. आतां अलीकडच्या टोकापासून निघून पलीकडे जाऊन परत येणारें एक २४०० मीटरचें वेटोळें झालें. अलीकडे शंभर सारखे भाग पाडलेली एक मोजणीची तार घेऊन तिचीं टोकें त्या दोन गाभ्यांना जोडतात. बॅटरीचें एक टोक जमिनींत, दुसरें या तारेवर सरकणाऱ्या कांट्याला. शेजारीं एक सूक्ष्म प्रवाहमापक ठेवलेला असतो. कांटा सरकवीत नेला, कीं एका जागीं प्रवाहमापकाची सुई शून्यावर स्थिर होते. समजा, ती जागा सदोष बाजूकडून १८ व्या भागावर आली. मग वेटोळ्याच्या २४०० मीटरांचे शंभर भाग करून त्यांतले १८ घ्यावयाचे. म्हणजे दोष अलीकडच्या टोकापासून ४३२ मीटरांवर आहे. त्रैराशिक शिकलेला मुलगाहि हें उदाहरण सोडवील.

या हिशेबांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. दोष केवढा आहे, त्यांतून किती वीज गळते, हें कोठेंच मोजावें लागलें नाहीं. ओल वाढली, कमी झाली, तरी प्रमाण बदलत नाहीं. कारण दोषाचा रोध तराजूच्या कोणत्याच पारड्यांत पडत नाहीं. तो फार मोठा असला तर सुई मंद हलते, एवढेंच. मात्र एक गोष्ट अवश्य लागते, ती म्हणजे त्याच वाटेनें गेलेला एक निर्दोष सोबती. त्याच्याशीं तुलना करूनच सदोषाचें ठिकाण कळतें. तिन्ही गाभे बिघडले असले तर ही पद्धति निरुपयोगी ठरते.

दुसरी, अलीकडच्या काळची पद्धति प्रतिध्वनीची आहे. विहिरींत हांक मारली म्हणजे ती परत येते, तसा विजेचा एक अतिसूक्ष्म ठोका केबलींत सोडतात. जेथें केबल जशीच्या तशी आहे तेथून तो सरळ पुढें जातो. जेथें कांहीं बदल झाला तेथून त्याचा कांहीं भाग परत फिरतो. पॉलिथिनच्या केबलींत हा ठोका एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत सुमारें १७० मीटर जातो, म्हणजे प्रकाशाच्या निम्म्याहून किंचित् अधिक वेगानें. आपल्या ४३२ मीटरांवरच्या दोषापासून तो परत यावयाला पांच दशलक्षांश सेकंदांहून थोडासाच अधिक वेळ लागेल. तुटलेल्या टोकावरून आलेला प्रतिध्वनि पडद्यावर सुलटा दिसतो आणि चिकटलेल्या जागेवरून आलेला उलटा. फसव्या जातीचा दोष मात्र या हलक्या ठोक्याला दादच देत नाहीं. त्यासाठीं मोठ्या दाबाचा एक झटका देऊन दोषाच्या जागीं ठिणगी पाडतात आणि ती ठिणगी जिवंत असतांनाच हलका ठोका सोडतात. त्या क्षणापुरता दोष उघडा पडतो व प्रतिध्वनि मिळतो.

एवढें करूनहि जें हातीं येतें तें केबलीच्या लांबीवरचें अंतर. जमिनीवरचें ठिकाण नव्हे. केबल कांहीं दोरी ताणल्यासारखी सरळ गेलेली नसते. कोठें ती गटार चुकवून वळलेली असते, कोठें पुढच्या गरजेसाठीं तिचें एक वेटोळें पुरून ठेवलेलें असतें, आणि जुने नकाशे कित्येक वेळां असून नसल्यासारखे असतात. म्हणून आधीं केबलींत ऐकूं येण्याजोग्या सुराचा प्रवाह सोडून वर एक वेटोळें फिरवीत तिची वाट शोधतात, आणि मग अंदाजाच्या जागीं जाऊन दोषाचा नेमका ठाव घेतात. ही चौथी पायरी.

ती आम्हीं प्रत्यक्ष पाहिली आहे. २०२४ च्या आषाढांत आमच्या आळींतील वीज सायंकाळीं गेली. समोरच्या वाड्यांत एक वृद्ध गृहस्थ प्राणवायूच्या यंत्रावर होते. यंत्राची बॅटरी संपल्यावर मुलानें नळकांडें लावलें होतें. रात्रीं अकराच्या सुमारास गाडी आली. तिच्याबरोबर आलेली अभियंती तिशीच्या आंतली असावी. ही हकीकत कानावर पडतांच तिनें पहिलें काम केलें तें त्या मुलाला गांठण्याचें.

"दादा, बाबांचा सिलिंडर किती वाजेपर्यंत पुरेल?"

"पहांटे पांचपर्यंत. दुसरा आणायला माणूस गेलाय."

"तो येईतों दम धरा. आम्हांला आजची रात्र लागेल, उद्यां दुपारपर्यंतहि लागेल. त्या हिशेबानं सोय करा."

खोटी आशा न लावतां तिनें खरें तें सांगितलें, हें आम्हांला फार आवडलें. मग तिनें आम्हां बघ्यांकडे वळून, "आजोबा, सगळेच जरा मागं उभे राहा. दोरीच्या आंत कुणी येऊं नका," असें बजावलें आणि काम सुरू झालें. गाडींतल्या यंत्रांतून दर कांहीं सेकंदांनीं केबलींत एक मोठा झटका जाई आणि दोषाच्या जागीं ठिणगी उडून जमिनींतून 'धप्' असा दबका आवाज येई. एक वयस्क मुकादम ओल्या रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून फरशीवर हाताचा तळवा टेकीत होते.

"मॅडम, इथं हाताला लागतंय. खणूं का?"

"काका, तिथं खाली पाइप आहे. आवाज पाइपातनं वाहत येतोय. यंत्र अजून पुढं दाखवतंय."

"मागं एकदां यंत्रानंच फसवलं होतं."

"म्हणून तर दोनदां बघते. पुन्हां मागून येते मी."

ती कानाला श्रवणयंत्र लावून पुन्हां मागून चालत आली. त्या यंत्राची युक्ति मोठी नामी आहे. आकाशांत वीज आधीं चमकते आणि गडगडाट मागाहून ऐकूं येतो. तशीच झटक्याची चुंबकीय खूण यंत्राला तत्काळ मिळते आणि मातींतून येणारा आवाज मागून पोंचतो. दोहोंमधलें अंतर जेथें सर्वांत कमी, तेथें बरोबर पायांखालीं दोष. ती थांबली ती मुकादमांच्या जागेपासून आठ-दहा पावलें पुढें. मुकादमांनीं स्वतः तेथें चुन्याची खूण केली. तिच्या वयाकडे न पाहतां तिच्या मोजणीचा मान ठेवणारे ते मुकादम, आणि त्यांच्या अनुभवाला न हिणवतां पुन्हां एकदां चालून पाहणारी ती अभियंती, दोघेंहि आम्हांला आदरास पात्र वाटलीं.

मग झटके थांबवून, केबल पुन्हां जमिनीशीं जोडून खणण्यास आरंभ झाला. एकच खड्डा, दोन हात रुंद. आंत विटांची ओळ विस्कटलेली आढळली आणि तिच्याखालीं केबलीच्या कवचावर कुदळीचा एक तिरपा घाव. बोटाच्या पेराएवढा. उन्हाळ्यांत कोणत्या तरी कामासाठीं त्या जागीं खणलें गेलें होतें. कोणत्या, तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. घाव घालणाऱ्याला तो कळलाच नसेल असें म्हणवत नाहीं, कारण विटा उपटल्याशिवाय कुदळ तेथें पोंचलीच नसती. त्यानें माती लोटली व तो निघून गेला. त्या दिवशीं दिवे गेले नाहींत. पुढें पाऊस आला, घावांतून ओल आंत झिरपली, आणि केबल गेली ती भर आषाढांत. त्याच दिवशीं "येथें घाव लागला" एवढे तीन शब्द कोणीं सांगितले असते, तर उन्हांत, कोरड्या मातींत, दिवसाढवळ्या डागडुजी होऊन गेली असती. वीज दुसऱ्या दिवशीं दुपारीं आली. दुसरें नळकांडें पहांटे चारला आलें होतें, म्हणून त्या घरावर प्रसंग गुदरला नाहीं.

जोड करण्यापूर्वीं एक विधि झाला, तोहि सांगतों. एकाच चरांत पुष्कळदां दोन-तीन केबली असतात. त्यांतली मेलेली कोणती व जिवंत कोणती हें नुसतें पाहून कळत नाहीं. म्हणून ठरविलेल्या केबलींत सर्वांनीं दूर उभें राहून, यंत्राच्या साहाय्यानें एक पोलादी खिळा आरपार ठोकतात. ती खरोखर मेलेली आहे अशी खात्री पटल्यावरच जोडारी तिला करवत लावतो. त्या माणसाचा जीव या एका खिळ्यावर असतो. गॅलरींतून "आटपा लवकर" म्हणून ओरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

जोर लावला म्हणजे काम लवकर होतें ही समजूत या विद्येंत फार महाग पडते. जमिनीखालची नव्हे, पण समुद्राखालची एक गोष्ट याची साक्ष देते. १८५८ च्या ऑगस्टमध्यें आयर्लंड आणि अमेरिकाखंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक केबल टाकून पुरी झाली. खुणा फार मंद येत. राणी व्हिक्टोरिया यांचा ९८ शब्दांचा संदेश जावयाला सुमारें १६ तास लागले. कंपनीचे विद्युत्-अधिकारी व्हाइटहाउस यांचें मत असें कीं दाब वाढवावा. त्यांनीं सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब लावला. विल्यम टॉमसन यांचें म्हणणें उलट होतें: प्रवाह सौम्यच ठेवावा आणि तो टिपणारें यंत्र अधिक सूक्ष्म करावें. त्यासाठीं त्यांनीं लहानशा आरशावर प्रकाशाचा किरण पाडून त्याची हालचाल पाहणारा प्रवाहमापक केला. पण केबल आधींच दुबळी होती. तिला तो दाब सोसला नाहीं आणि थोड्याच आठवड्यांत ती मुकी झाली. टिकाऊ केबल होण्यास पुढें १८६६ साल उजाडावें लागलें. आजहि जुन्या पॉलिथिन-केबलीवर शोधासाठीं फार मोठे झटके पुनःपुन्हां दिले, तर आंतले जलवृक्ष बळावतात आणि एक दोष शोधतां शोधतां दुसरे निर्माण होतात. म्हणून जाणता कारागीर लागेल तेवढाच दाब, लागेल तितकाच वेळ वापरतो. ज्याला सूक्ष्म ऐकूं येतें त्याला मोठ्यानें ठोकावें लागत नाहीं.

दोष नेहमीं घावाचाच असतो असेंहि नाहीं. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मध्यभागाला वीज पुरविणाऱ्या चार मोठ्या केबली १९९८ च्या आरंभीं एकामागून एक गेल्या. उन्हाळा कडक होता. सभोंवतालची माती वाळली होती, आणि वाळलेली माती केबलीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. पहिली जानेवारींत गेली, तिचा भार उरलेल्या तिघींवर पडला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत दुसरी गेली. त्याच महिन्याच्या वीस तारखेपर्यंत चारीहि बंद पडल्या, आणि एवढ्या मोठ्या शहराचा मध्यभाग सुमारें पांच आठवडे नेहमींच्या विजेवांचून राहिला. शेवटीं आगगाडीच्या मार्गाच्या कडेनें खांबांवरून तात्पुरती ओळ आणावी लागली. एक थकली म्हणजे तिचें ओझें दुसरीवर, दुसरी थकली म्हणजे तिसरीवर. आणि पहिली कां थकली याची चौकशी वेळेवर न झाल्यास चौथीवरहि तीच पाळी येते. मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांना, विशेषतः ज्या घरांत एकाच सुनेवर किंवा एकाच भावावर भार येत जातो त्यांना, याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

आतां घरगुती उपयोगाच्या चार गोष्टी सांगून हा विषय संपवितों.

पावसाळ्यांत रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीजवळ किंवा खांबाजवळ पाणी साचलें असेल, तर मुलांना तेथून जाऊं देऊं नये. जमिनींत वीज गळत असली तर दोन पावलांच्या मधल्या अंतरांतहि धोका असतो, आणि पाण्याकडे पाहून तो ओळखतां येत नाहीं. फ्यूज उडाला तर एकदां बसवून पाहावा. लगेच पुन्हां उडाला तर अधिक जाड तार घालून तो 'टिकाऊ' करूं नये. तसेंच, जमिनींत होणारी गळती ओळखून वीज तोडणारी जी डबी हल्लीं घराघरांत बसवितात, ती बहुधा ३० मिलिअँपियर इतक्या अल्प गळतीलाच जागी होते. पावसांत ती वारंवार पडूं लागली कीं त्रासून तिला वगळून जोडणी करून घेणारी मंडळी आमच्या पाहण्यांत आहेत. ही डबी ज्या दोषाची वर्दी देत आहे तो शोधावा. वर्दी देणाऱ्याला घराबाहेर काढूं नये.

तिसरें, घरांतले दिवे एकाएकीं फार प्रखर झाले आणि त्याच वेळीं शेजाऱ्यांचे मंद झाले, तर तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल, तुटल्याचा संशय घ्यावा, मुख्य स्विच बंद करावा आणि वीजखात्याला कळवावें. चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें: अंगणांत, फाटकापाशीं, नळासाठीं किंवा झाडासाठीं खणावयाचें असेल, तर केबलीची वाट आधीं विचारून घ्यावी. विटांची ओळ लागली तर थांबावें. आणि घाव लागलाच, तर केवढाहि लहान असो, दिवे लागत असोत वा नसोत, माती लोटण्यापूर्वीं तो सांगावा. आपल्या घरीं काम करणाऱ्या मजुरालाहि आधींच सांगून ठेवावें कीं, "घाव लागला तर सांग, रागावणार नाहीं." ज्या घरांत चूक सांगणाऱ्यावर आधीं आगपाखड होते, तेथें घावांवर माती लोटली जाते आणि त्या घरचा पाऊस मग महागांत पडतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर एवढ्यानें मिळालें असावें. पुढच्या वेळीं वीजखात्याचीं माणसें रस्त्यानें नुसतीं हिंडतांना दिसलीं, तर त्यांच्यावर ओरडण्याऐवजीं पाण्याचा एक तांब्या व दोन फुलपात्रें खालीं पाठवावीं, आणि मुलांना गॅलरींत बोलावून, हीं माणसें काय ऐकत आहेत तें समजावून सांगावें. असो.